बांधकामावरील विद्युत् हॉइस्ट : परिचालन, निगा आणि आज्ञेची भाषा

बहुमजली इमारतीचे बांधकाम चालू असताना तिच्या बाहेरील भिंतीला लागून पोलादी जाळीचा एक उंच खांब उभारलेला दिसतो आणि त्या खांबाच्या आधाराने एक पिंजरा दिवसभर खालीवर होत असतो. विटा, वाळू, सिमेंट, सळया आणि माणसे यांना वर पोहोचविणारे हे यंत्र म्हणजे बांधकामावरील विद्युत् हॉइस्ट होय. कायद्याच्या मराठीत लिफ्टला 'उद्वाहन' म्हणतात. पारिभाषिक लेखनात हॉइस्टसाठी 'उच्चालक' हा शब्द योजलेला आढळतो. प्रत्यक्ष कामावर मात्र 'हॉइस्ट' आणि 'लिफ्ट' हे दोनच शब्द चालतात. प्रस्तुत लेखात 'हॉइस्ट' हाच शब्द स्वीकारला आहे. त्यामागील कारण पुढील विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल.

दि. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात एका ४० मजली इमारतीवरील काम संपवून खाली येत असलेल्या कामगारांचा पिंजरा कोसळला व ७ जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेनंतर तार, ब्रेक, बोल्ट आणि देखरेख यांची चर्चा होते आणि ती होणे योग्यच आहे. त्या अपघाताचे मूळ भाषेत होते, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये आज्ञा, खुणा, पाट्या आणि नोंदवह्या यांची एक भाषिक व्यवस्था उभी असते आणि तिच्याकडे यंत्राच्या एखाद्या भागाइतके काटेकोर लक्ष दिले जात नाही. मुंबई, ठाणे, पुणे येथील एकेका बांधकामावर मराठी, हिंदी, भोजपुरी, बंगाली, उडिया, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसे एकाच हॉइस्टवर अवलंबून असतात, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या दुर्लक्षाचे गांभीर्य जाणवते.

या लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. हॉइस्टमधील प्रत्येक संरक्षक योजना एकाच तत्त्वावर आधारलेली असते : संदेह उत्पन्न झाला की यंत्राने थांबावे. बोललेल्या आज्ञेला हे तत्त्व आपोआप लागू होत नाही. संदिग्ध आज्ञा ऐकणारा माणूस थांबत नाही. तो अर्थ लावतो आणि बटण दाबतो. म्हणून यंत्रात जे तत्त्व अभियंत्याने घातले आहे, तेच आज्ञेच्या भाषेत जाणीवपूर्वक घालावे लागते.

१. यंत्राची रचना आणि 'थांबण्याचे' तत्त्व

एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात, स्वतः फलाटावर उभे राहून त्या फलाटाचा दोर कापवून दाखविला. दोर तुटताच ताण नाहीसा झाला, स्प्रिंग मोकळी झाली आणि फलाट बाजूच्या दात्यांत अडकून थांबला. १८८० साली जर्मनीतील मानहाइम येथील प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्स याने विजेवर चालणारी लिफ्ट मांडली. तिची मोटर फलाटाखाली होती आणि दातेरी चक्राच्या साहाय्याने ती दातेरी पट्टीवर चढत असे. आज उंच इमारतींवर दिसणारा हॉइस्ट हा या दुसऱ्या कल्पनेचा वारस आहे.

बांधकामावर मुख्यतः दोन प्रकारचे हॉइस्ट आढळतात. पहिल्यात विंचच्या पिंपावर पोलादी तार गुंडाळली जाते. ती तार खांबाच्या माथ्यावरील कप्पीवरून येऊन मालाचा फलाट उचलते. याचा चालक सामान्यतः जमिनीवर, विंचपाशी असतो. दुसऱ्यात तार नसते. सुमारे दीड मीटर उंचीचे पोलादी खंड एकावर एक बोल्टांनी जोडून खांब उभा करतात. त्याच्या अंगास दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, बसविलेली असते आणि पिंजऱ्यावरील मोटरींची दातेरी चक्रे, म्हणजे पिनियन, त्या पट्टीवर चढतात. खांब ठराविक अंतरांवर इमारतीला आडव्या बंधांनी बांधलेला असतो. याचा चालक पिंजऱ्यातच असतो. पहिला प्रकार केवळ मालासाठी आहे. दुसऱ्याच्या नियोजित जाती माल आणि माणसे दोहोंसाठी असतात.

या यंत्राचा ब्रेक विजेने लागतो, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर सदैव लागलेलाच असतो. वीज आली की विद्युच्चुंबक त्यास सोडवितो. वीज गेली की ब्रेक पुन्हा आपोआप लागतो. दार उघडे असेल तर दाराचा स्विच मंडल तोडतो. पिंजरा वरच्या किंवा खालच्या सीमेपलीकडे जाऊ लागला तर सीमास्विच वीज तोडतो. भार अधिक झाला तर भारदर्शक यंत्र सुरूच होऊ देत नाही. रॅकच्या हॉइस्टमध्ये आणखी एक स्वतंत्र योजना असते. तिचे स्वतःचे पिनियन रॅकवर फिरत असते आणि पिंजरा ठरलेल्या वेगापेक्षा जलद उतरू लागला की आतील वजने केंद्रापासून बाहेर फेकली जाऊन एक वेगळाच ब्रेक आवळत जातो व वीजही तुटते. या योजनेस कामावर 'सेफ्टी डिव्हाइस' एवढेच म्हणतात.

या सर्व योजनांचा इत्यर्थ असा की, थांबणे ही यंत्राची स्वाभाविक स्थिती आणि चालणे ही सवलत आहे. सर्व अटी पूर्ण असतील तोपर्यंतच ती सवलत मिळते.

२. उलटलेले फेज आणि 'येऊ दे'

हॉइस्टची मोटर तीन फेजच्या विजेवर चालते. या तिन्हींचा क्रम ठरलेला असतो. त्यांपैकी कोणत्याही दोहोंची अदलाबदल झाली तर मोटर उलट फिरते. बांधकामावर ही शक्यता काल्पनिक नव्हे. मंडळाची वीज गेल्यावर जनित्र जोडताना, किंवा केबल नव्याने बसविताना, दोन तारा इकडच्या तिकडे होऊ शकतात. मग 'वर' हे बटण दाबले असता पिंजरा खाली येऊ लागतो. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे खालचा सीमास्विच 'खाली' या आज्ञेचे मंडल तोडण्यासाठी बसविलेला असतो. चालकाने 'वर' दाबलेले असल्याने तो स्विच तोडील ते भलतेच मंडल असते. म्हणून चांगल्या हॉइस्टमध्ये फेजचा क्रम ओळखणारा रिले असतो. क्रम उलटा आढळला की तो यंत्र चालूच होऊ देत नाही. ज्या यंत्रात असा रिले नाही, तेथे वीजपुरवठा बदलल्यानंतर प्रथम रिकामा पिंजरा किंचित उचलून दिशा पाहणे हा एकच उपाय उरतो.

आता या दृष्टीने मराठीतील एका अत्यंत साध्या आज्ञेकडे पाहावे. विंचच्या हॉइस्टवर चालक जमिनीवर असतो आणि वरील मजल्यावर माल उतरवून घेणारा असतो. वरचा माणूस ओरडतो, 'येऊ दे!' त्याचा अर्थ 'वर पाठव' असा होतो. तोच फलाट वर रिकामा झाल्यावर खाली उभा असलेला माल भरणारा चालकाला म्हणतो, 'येऊ दे!' आता त्याचा अर्थ 'खाली आण' असा होतो. 'येणे' हे क्रियापद वक्त्याच्या स्थानाकडे होणारी गती दाखविते; वर आणि खाली ही दिशा त्याच्या अर्थात मुळीच नाही. वक्ता कोठे उभा आहे हे कळले तरच दिशा कळते. समोरासमोरच्या संभाषणात यात काही दोष नाही. उलट भाषेची ती एक मोठी सोय आहे. परंतु मिक्सरच्या आवाजात, चौदा-पंधरा मजल्यांच्या उंचीवरून, भिंतींवर आदळून आलेला आवाज नेमका कोणाचा व कोठून आला हे चालकाला ओळखता आले नाही, तर 'येऊ दे' या शब्दांचे फेज उलटलेले असतात. फेज-रिले चालकाच्या कानात बसविता येत नाही.

'जाऊ दे' या आज्ञेची गतही तीच आहे. 'सोड' या शब्दाची तर अधिकच. विंचवाल्यास उद्देशून 'सोड' म्हणजे 'हळूहळू खाली उतरव'. फलाटावरील हातगाडी धरून उभ्या असलेल्या माणसास 'सोड' म्हणजे 'हात काढ'. दोघांच्याही कानी एकच शब्द जातो. त्यांपैकी ज्याला तो उद्देशून नाही, त्याने तो आपल्यासाठी घेतला की काय होईल, याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

यावरून पहिला नियम निष्पन्न होतो. हॉइस्टवरील दिशादर्शक आज्ञा वक्त्याच्या स्थानावर अवलंबून असू नये. 'वर' आणि 'खाली' हे शब्द दोघांनाही सारखेच आहेत. 'ये' आणि 'जा' तसे नाहीत.

३. खलाशांचे शब्द आणि हाताच्या खुणा

हा प्रश्न भारतीय श्रमिकांनी पूर्वीच सोडविला होता, असे म्हणावयास हरकत नाही. बंदरांवर आणि यारीवर जड ओझी हलविणाऱ्या टोळ्यांमध्ये 'हाबिस' म्हणजे वर घे आणि 'आरिया' म्हणजे खाली सोड, अशा आज्ञा रूढ आहेत. त्या मूळच्या जहाजावरील खलाशांच्या बोलीतील होत. अरबी, फारसी, हिंदुस्तानी, मराठी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा अनेक भाषांच्या मिश्रणातून बनलेल्या या बोलीचा कोश टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यास प्रसिद्ध केला. 'आरिया' या शब्दामागे पोर्तुगीज भाषेतील 'शीड किंवा ओझे खाली उतरविणे' या अर्थाचे क्रियापद आहे.

या दोन शब्दांचे गुण भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्यांचे आरंभ, स्वर आणि शेवट परस्परांहून इतके भिन्न आहेत की अर्धवट ऐकू आले तरी एकाच्या जागी दुसरा ऐकला जाण्याचा संभव अल्प आहे. मराठी, बंगाली किंवा तेलुगू बोलणाऱ्याच्या दैनंदिन व्यवहारात त्यांना दुसरा अर्थ नाही. त्यामुळे ते शब्द ऐकू आले की ती आज्ञाच असते, गप्पा नव्हे. आणि त्यांचा अर्थ वक्ता कोठे उभा आहे यावर अवलंबून नाही. परक्या शब्दाचा अपारदर्शकपणा हा परिभाषेत सामान्यतः दोष मानला जातो. येथे तोच गुण ठरतो. लेखाच्या आरंभी 'हॉइस्ट' या शब्दाची निवड केली ती याच कारणास्तव. ज्या शब्दाला कामावर एकच अर्थ आहे, तो शब्द बदलून अधिक शुद्ध परंतु अपरिचित शब्द पाटीवर लिहिणे म्हणजे चालू असलेला एक संरक्षक स्विच काढून टाकणे होय.

आवाज पोहोचत नाही तेथे हाताच्या खुणा वापरतात. उचलण्याच्या यंत्रांसाठी सर्वत्र मान्य असलेल्या खुणांची व्यवस्था अतिशय आटोपशीर आहे. बाहू कोपरातून वर, तर्जनी आकाशाकडे आणि हाताचे लहान वर्तुळ : वर घ्या. बाहू खाली, तर्जनी जमिनीकडे आणि तेच वर्तुळ : खाली घ्या. एक हात बाजूस आडवा पसरून, तळवा खाली ठेवून, पुढेमागे हलविणे : थांबा. दोन्ही हात तसेच हलविणे : तत्काळ थांबा. 'वर' आणि 'खाली' या खुणांत हालचाल समान असून केवळ दिशेचा विरोध अर्थभेद करतो; उलट 'थांबा' ही खूण या दोहोंहून आकृतीनेच वेगळी आहे. ज्या खुणेचा गैरसमज सर्वांत घातक, ती इतरांपासून सर्वांत दूर ठेवावी, हे येथील सूत्र आहे.

या व्यवस्थेत आज्ञा कोणी द्यावी याचाही नियम अंतर्भूत आहे. जे. एल. ऑस्टिन याच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी हे निदर्शनास आणले की, काही वाक्ये केवळ वर्णन करीत नाहीत, ती कृती घडवितात. आणि ती कृती घडण्यासाठी वक्त्यास तसा अधिकार असावा लागतो. हॉइस्टवर 'वर' आणि 'खाली' या आज्ञा देण्याचा अधिकार एका वेळी एकाच नेमलेल्या खूणवाल्यास असतो. दुसऱ्या कोणी दिलेली आज्ञा ही आज्ञाच नव्हे. परंतु 'थांब' हा शब्द कामावरील सर्वांत नवख्या मजुरानेही उच्चारला तरी चालकाने तो मानलाच पाहिजे. कारण विचारावयाचे ते यंत्र थांबल्यावर. चालविण्याचा अधिकार एकास आणि थांबविण्याचा सर्वांस, ही विषमता यंत्राच्या ब्रेकमागील तत्त्वाशी तंतोतंत जुळणारी आहे.

या नियमास एक जोड आवश्यक आहे. चालकाने ऐकलेली आज्ञा मोठ्याने परत उच्चारावी आणि मगच बटण दाबावे. विमान आणि रेल्वे यांच्या संदेशव्यवहारात ही पद्धत जुनीच आहे. आज्ञा चुकीची ऐकली गेली असेल तर ती चूक पिंजरा हलण्यापूर्वी दुसऱ्याच्या कानी पडते, एवढाच तिचा हेतू आणि तेवढाच तिचा लाभ.

४. मजल्यांचे आकडे

पिंजऱ्यात चालक असलेल्या हॉइस्टवर दिशेचा घोटाळा कमी होतो. तेथे मजल्याच्या आकड्याचा होतो. मराठीत ९९ पर्यंतच्या संख्यावाचकांत एकक आधी आणि दशक मागून येतो. शिवाय दोन्ही घटक परस्परांत इतके मिसळून गेलेले असतात की प्रत्येक शब्द स्वतंत्रपणेच पाठ करावा लागतो. 'एकोणतीस', 'एकोणचाळीस', 'एकोणपन्नास' यांचा आरंभ एक. 'तेवीस' व 'तेहेतीस', 'सव्वीस' व 'छत्तीस' यांचा शेवट जवळजवळ एक. हिंदीत 'उनतीस', 'उनतालीस', 'उनचास' अशी दुसरीच मालिका आहे आणि दक्षिणेकडील कामगारास या दोन्ही मालिका सारख्याच परक्या. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' यासोबत 'वीस एक' अशी वाचनपद्धती दिली गेली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादाचा निर्णय काहीही असो, हॉइस्टच्या पिंजऱ्यात मात्र 'दोन-नऊ', 'तीन-नऊ' असे अंक सुटे उच्चारणेच श्रेयस्कर आहे.

आकडा नीट ऐकला तरी तो कशाचा, हा प्रश्न उरतोच. कोणी मजले मोजतो, कोणी स्लॅब. वाहनतळाचे मजले कोणी हिशेबात धरतो, कोणी धरीत नाही. एकाच उंचीस दोन आकडे असणे म्हणजे उघड्या कडेपाशी पिंजरा येईल या भरवशावर उभ्या असलेल्या माणसासाठी सापळाच होय. म्हणून प्रत्येक थांब्यावर पिंजऱ्यातून दिसेल असा एकच आकडा मोठ्या अंकांत रंगविलेला असावा आणि बोलण्यात तोच वापरावा.

५. 'रिकामा' आणि 'बंद'

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन ली वोर्फ हा व्यवसायाने आगीच्या विम्याच्या कंपनीतील निरीक्षक होता. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एक उदाहरण आहे. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागत. 'रिकाम्या' पिंपांजवळ मात्र निर्धास्तपणे धूम्रपान करीत. वस्तुतः रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ असल्याने तेच अधिक धोक्याचे. 'रिकामे' या शब्दाने 'निरुपद्रवी' असा अर्थ मनात आणला होता. वोर्फच्या व्यापक सिद्धान्ताविषयी मतभेद आहेत. परंतु या निरीक्षणाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

मालाच्या हॉइस्टवर याच शब्दाची अशीच करणी दिसते. फलाट माल उतरवून खाली निघाला की 'रिकामाच चालला आहे, बसून घे' असे म्हणून दमलेला मजूर त्यावर उभा राहतो. मालाच्या फलाटास माणसासाठी लागणारी दारे नसतात, वेगाला आळा घालणारी पुरेशी योजना असेलच असे नाही आणि वर उभा असलेला माणूस चालकाला दिसतही नाही. 'रिकामा' म्हणजे 'मालाविना', एवढेच त्या शब्दाचे तथ्य आहे. 'माणसासाठी मोकळा' हा अर्थ ऐकणाऱ्याने घातलेला असतो.

निगेच्या कामात याहूनही अनर्थकारक शब्द 'बंद' हा आहे. 'हॉइस्ट बंद आहे' या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. पिंजरा या क्षणी थांबलेला आहे, परंतु वीज चालू आहे. मुख्य स्विच पाडलेला आहे. किंवा यंत्र नादुरुस्त आहे. शिवाय 'दार बंद' यातील 'बंद' निराळाच. खांबावर चढून बोल्ट आवळणाऱ्या मिस्त्रीला दुसऱ्या अर्थाची खात्री हवी असते आणि त्याला सांगितला जातो बहुधा पहिला अर्थ. मग जेवणाच्या सुटीहून परतलेला कोणी 'बंद' असलेला हॉइस्ट 'चालू' करतो.

यावरील उपाय शब्दाचा नसून वस्तूचा आहे, हे विशेष. निगेचे काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून त्यास कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि कुलपावर त्याचे नाव लिहिलेली पाटी असावी. कुलपाला दुसरा अर्थ नाही. तरीही बोलावयाचेच झाले तर तीन स्थितींना तीन शब्द असावेत : 'थांबलेला', 'कुलूपबंद' आणि 'नादुरुस्त'. ज्या हॉइस्टवर मिस्त्री चढला आहे तो केवळ 'बंद' असून चालत नाही. तो कुलूपबंदच असला पाहिजे.

६. निगेची नोंद आणि कर्त्यावाचून वाक्य

दररोज काम सुरू होण्यापूर्वी चालकाने करावयाची तपासणी अल्प परंतु निश्चित असते. दार किंचित उघडे ठेवून यंत्र सुरू होत नाही ना, हे पाहणे. तातडीने थांबविण्याचे बटण आणि दोन्ही टोकांचे सीमास्विच तपासणे. भरलेला पिंजरा जमिनीपासून एक-दोन मीटर उचलून थांबविणे व तो हळूहळू घसरत नाही ना, याची खात्री करून घेणे. केबल कोठे घासली किंवा अडकली आहे काय, ते पाहणे. विंचच्या हॉइस्टवर तारेचे तुटलेले पदर, गंज आणि पीळ पाहणे. फलाट अगदी खाली असतानाही पिंपावर तारेचे निदान दोन वेढे शिल्लक राहतात ना, हे पाहणे. रॅकच्या हॉइस्टवर खांबाच्या खंडांचे बोल्ट, इमारतीशी जोडणारे बंध, रॅक व पिनियन यांची झीज आणि त्यांवरील ग्रीस यांची तपासणी नियत काळाने आणि खांबाची उंची वाढविल्यावर प्रत्येक वेळी व्हावयास हवी.

'सेफ्टी डिव्हाइस'ची परीक्षा भार घातलेला पिंजरा मुद्दाम सोडून देऊन करतात. ती निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीने, पिंजऱ्यात कोणीही नसताना, जमिनीवरून लांब वायरच्या बटणाने करावयाची असते. ही पेटी कामावर उघडू नये. तिची मुदत संपली की ती जुळणीसाठी कारखान्याकडेच पाठवावी. दिवसाच्या शेवटी पिंजरा तळाशी आणून, मुख्य स्विच पाडून, कुलूप लावावे.

या तपासणीची नोंद होते ती बहुधा अशा वाक्यांत : 'बोल्ट तपासण्यात आले', 'ग्रीसिंग करण्यात आले'. मराठीच्या कार्यालयीन शैलीस ही रचना प्रिय आहे आणि शोधनिबंधासही ती शोभते. तिचे व्याकरणिक वैशिष्ट्य असे की, तिला कर्त्याची आवश्यकता नसते. कोणी तपासले, हे न सांगताही वाक्य पूर्ण होते; आणि जे वाक्य कर्त्यावाचून पूर्ण होते, ते कृतीवाचूनही लिहिता येते. सूचनाफलकांचीही हीच स्थिती. 'क्षमतेपेक्षा अधिक भार नेण्यात येऊ नये' हे वाक्य कोणासच उद्देशून नाही. 'माणसे ८. नववा बाहेर.' हे वाक्य दारात उभ्या असलेल्या नवव्या माणसास उद्देशून आहे.

दि. १३ सप्टेंबर २०१२ रोजी चीनमधील वूहान शहरात एका इमारतीच्या हॉइस्टचा पिंजरा सुमारे १०० मीटर उंचीवरून कोसळला आणि त्यातील सर्व १९ जण मृत्युमुखी पडले. पिंजऱ्याची मर्यादा १२ माणसांची होती. त्यावरील फलकानुसार वापराची मुदत २३ जून २०१२ रोजी संपलेली होती. दुपारच्या सुटीनंतर नेमलेला चालक जागेवर येण्यापूर्वीच कामगारांनी स्वतः पिंजरा वर नेला. चौकशीत असे आढळले की, खांबाच्या ६६ व ६७ व्या खंडांच्या जोडावरील चार बोल्टांपैकी दोहोंचे नट निघालेले होते. पिंजरा त्या जोडाच्या वर गेला आणि खांबाच्या वरच्या भागासह उलटला.

या घटनेत अज्ञान असे फारसे नव्हते. बारा हा आकडा ठरलेला होता, मुदतीची तारीख लिहिलेली होती, बोल्ट तपासण्याचे नियमही होते. उणीव होती ती लिहिलेले वाक्य आणि प्रत्यक्ष माणूस यांना जोडणाऱ्या दुव्याची. तारीख उलटली तेव्हा यंत्र थांबविणे हे कोणाचे काम होते, याचे उत्तर एका नावात मिळावयास हवे होते. भारतात १९९६ चा बांधकाम कामगारांविषयीचा कायदा आणि त्याखालील १९९८ चे केंद्रीय नियम यांनी उचलण्याच्या यंत्रांची परीक्षा व प्रमाणपत्रे यांविषयी तपशीलवार तरतुदी केल्या आणि पुढे हा विषय २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला. कायद्याच्या पानावरील तरतूद हॉइस्टच्या दारापर्यंत पोहोचते ती मात्र नोंदवहीतील वाक्याच्या कर्त्याच्या रूपानेच. 'खंड १ ते ४० चे बोल्ट आज सकाळी मी आवळले' या वाक्याखाली खोटी सही करणे 'बोल्ट आवळण्यात आले' याखाली करण्यापेक्षा पुष्कळच कठीण आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून पाच गोष्टी निष्पन्न होतात. दिशेची आज्ञा 'वर' व 'खाली' यांनी, किंवा टोळीत रूढ असल्यास 'हाबिस' व 'आरिया' यांनी द्यावी. 'येऊ दे', 'जाऊ दे', 'सोड' हे शब्द वर्ज्य मानावेत. चालविण्याची आज्ञा एकानेच द्यावी, ती परत उच्चारली जावी. 'थांब' मात्र कोणाचेही मानावे. मजल्यास एकच आकडा असावा आणि त्याचे अंक सुटे उच्चारावेत. 'बंद' हा शब्द निगेच्या कामात अपुरा समजून कुलूप हेच त्याचे चिन्ह मानावे. पाटीवरील वाक्यास संबोध्य असावा आणि नोंदवहीतील वाक्यास कर्ता.

यांपैकी एकाही गोष्टीस द्रव्य लागत नाही, असे म्हणता येईल. परंतु लक्ष लागते आणि ते कोणी द्यावयाचे, हा प्रश्न उरतो. परिभाषेचे काम आजवर प्रायः कोशाच्या अंगाने झाले : इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द शोधावयाचा आणि तो यादीत नोंदवावयाचा. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने या दिशेने केलेले कार्य मोठे आहे. कामावर उभे राहून, तेथे प्रत्यक्ष कोणते शब्द उच्चारले जातात, ते कोणास कसे ऐकू येतात आणि कोणता शब्द कोठे घात करतो, याची नोंद करण्याचे काम मात्र अद्याप अभ्यासकांची वाट पाहत आहे. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास बोलींचे सर्वेक्षण करण्यासाठी दूरच्या खेड्यात जाणे भाग पडते, असा समज आहे. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर चालू असलेल्या बांधकामावरही एक बोली घडत आहे. तिच्यातील शब्द अचूक असणे हा तेथील माणसांच्या दृष्टीने रुचीचा किंवा शुद्धतेचा नव्हे, तर सायंकाळी सुखरूप खाली उतरण्याचा प्रश्न आहे.